बकुळचं म्हणणं

बावीस वर्षं मी मुलींना खो-खो शिकवला, आणि त्र्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत मला लखनौला बोलावून एका चष्मेवाल्या पोराने ऐकायला शिकवलं. ऐकायला! माझे कान काय गंगेत वाहून गेले होते? तीन दिवसांचं प्रशिक्षकांचं शिबिर, आम्ही चाळीस जण, निम्म्यांचे केस पिकलेले, आणि हा फळ्यावर खडूने कानाचं चित्र काढत होता. खेळाडू बोलायला लागला की मनात दहापर्यंत मोजा, म्हणाला. तो बोलायचा थांबला तरी मोजा, कारण खरी गोष्ट माणूस थांबल्यानंतर सांगतो. मी हात वर केला. म्हटलं, "भाई साहब, मेरी लड़की खंभे से दो हाथ पर है, सामने वाली भाग रही है. तब भी दस तक गिनूँ?" सगळा वर्ग हसला. तोही हसला बिचारा. मला त्याची अजिबात दया आली नाही.

आमच्या बनारसच्या मराठी मंडळींत मी सुनीतीताई, पण मैदानावर दीदी. मैदानावर मराठी बंद, हा माझाच नियम. खेळ मराठी लोकांचा, शिकवणारी मराठी, तेव्हा संघातही आपल्याच पोरी भरल्या असतील असं कुणी म्हणायला नको. म्हणून सगळ्यांशी हिंदी, आणि आपल्या पोरींना दुप्पट दम. मुलगी तोंड उघडायच्या आत तिला काय म्हणायचंय ते मी ओळखायचे, आणि याचा मला अभिमान होता. "दीदी, वो" एवढं म्हटलं की मी म्हणायचे, पाय मुरगळलाय, किंवा आई आजारी आहे, किंवा अभ्यास झाला नाही. दहातल्या नऊ वेळा बरोबर निघायचं. दहाव्या मुलीचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही.

पंचगंगा घाटावरून ज्या गल्ल्या वर चढतात त्यातल्या एकीत माझं घर, आणि चार दारं सोडून बकुळचं. बकुळ अकरावीत. तिच्यासारखी मुलगी मला बावीस वर्षांत एकच मिळाली. खांबाला वळसा घालताना तिचा वेग कमीच व्हायचा नाही. मेमध्ये लखनौला राज्याच्या संघासाठी निवड शिबिर होतं. आमच्याकडून दोन नावं जायची होती, ती एप्रिलच्या शेवटच्या सोमवारपर्यंत, आणि वयाच्या हिशेबाने बकुळची ही शेवटची संधी होती. पहिलं नाव तिचं, हे मी जानेवारीतच ठरवलं होतं. तिला विचारायचं काय होतं त्यात?

चैत्रातल्या एका संध्याकाळी सराव संपल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पायांची धूळही झटकली नव्हती.

"दीदी, मैं कल से नहीं आऊँगी."

"क्यों? बुखार है?"

"नहीं दीदी. बात ये है कि..."

"बुखार नहीं, इम्तिहान हो गए, तो फिर कल पाँच बजे." आणि मी शिट्टी गळ्यातून काढून पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध घेताना गल्लीत सापडली. गल्लीत ती मला मावशी म्हणते. "मावशी, मला तुम्हाला सांगायचं होतं की मी..." मी म्हटलं, "घरून अडवलं ना?" ती म्हणाली, "नाही, घरचं काही नाही. मी स्वतः..." मी म्हटलं, "तू स्वतः! तुला कुणी पढवून पाठवलंय ते कळत नाही का मला?" ती दुधाचं भांडं घेऊन खाली मान घालून गेली. त्या खाली घातलेल्या मानेने माझी खात्रीच पटली.

रविवारी ती पुन्हा आली, माझ्या घरी. मी पोहे केले, समोर बसवून खाऊ घातले, आणि लखनौला काय काय न्यायचं ते सांगत बसले. तिथलं पाणी बाधतं, उकळून घे. गादी मिळत नाही, सतरंजी ने. अर्धा तास तरी मी बोलत असेन. तिने बशी धुऊन ठेवली आणि गेली. मला वाटलं, काम फत्ते झालं. सोमवारी ती मैदानावर आली नाही, मंगळवारीही नाही.

मग माझं डोकं फिरलं. आणि त्यामागे कारण होतं. बकुळची आई शरदिनी माझ्याच शाळेतली, माझ्याच संघातली. काय धावायची! तिला सतराव्या वर्षी वडिलांनी मैदानातून उचललं आणि मांडवात उभं केलं, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा मी अठरा वर्षांची होते. मला बोलायचं होतं आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. शरदिनीला दिलं ते यज्ञेश्वरशास्त्र्यांना. शेंडी, सोवळं, घरात वेदांची पाठशाळा. अशा घरातून पोरीला खेळ सोडायला लावणार नाहीत तर काय करतील? आणि लावणार कोण, तर शरदिनी! जिच्यावर हे बेतलं तीच! या वेळी मी गप्प बसणार नव्हते.

शुक्रवारी शरदिनीकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मी लग्न केलं नाही, म्हणून चार घरची बोलावणी मला चाचरत येतात, पण शरदिनी दरवर्षी स्वतः येऊन बोलावून जाते. त्या दिवशीही मी उंबऱ्याशी पोचताच तिने हात धरून आत नेलं, सगळ्यांच्या आधी कुंकू लावलं, ओटीत भिजवलेले हरभरे घातले. गौर पाळण्यात बसलेली, पुढे कलिंगडाची कमळं, कैरीची डाळ. आमच्या लोकांतल्या वीस-बावीस बायका भिंतीशी बसल्या होत्या. बकुळ पन्ह्याचे पेले घेऊन आली, आणि तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी उभी राहिले.

"शरदिनी, एक विचारू? सगळ्यांसमोरच विचारते. गौरीला पाळण्यात बसवून झोके देतेस, आणि घरच्या पोरीचे पाय बांधतेस?" बायकांचे हात डाळीच्या वाटीतच राहिले. मी थांबले नाही. मी म्हटलं, तुला मांडवात ढकललं तेव्हा तू रडली होतीस ते विसरलीस का? म्हटलं, ही मुलगी राज्याकडून खेळेल, देशाकडून खेळेल, आणि तुम्ही तिला पळी-पंचपात्री घासायला बसवणार? म्हटलं, आपण स्वतःला मोठे विद्वानांचे वंशज म्हणवतो, शरम वाटायला पाहिजे. सोमवारी यादी जाणार आहे आणि तिचं नाव त्यात गेलं नाही तर त्याला जबाबदार तू, दुसरं कुणी नाही. फार चांगलं बोलले मी. पंचवीस वर्षं साठलेलं सगळं बोलले.

बकुळने पेल्यांचं तबक खाली ठेवलं आणि ती आत निघून गेली. शरदिनीचा चेहरा पांढरा पडला होता. ती एवढंच म्हणाली, "सुनीती, डाळ तरी खाऊन जा." मी डाळ खाल्ली नाही. ताठ मानेने बाहेर पडले.

बाहेरच्या ओट्यावर यज्ञेश्वरशास्त्री एका दाढीवाल्या विद्यार्थ्याकडून वेदाची संथा म्हणवून घेत बसले होते. हळदीकुंकवाला पुरुषांना घरात जागा नसते. मी बोललेलं त्यांना ऐकू गेलं असणारच, अर्ध्या गल्लीला गेलं होतं. त्यांनी मला पाहून तळहात वर केला. थांबा. मी थांबले, कारण मला त्यांनाही चार शब्द सुनवायचे होते. विद्यार्थी म्हणता म्हणता अडकला. डोळे मिटून बसला. शास्त्रीबुवा हलले नाहीत. भुवईसुद्धा हलली नाही. विद्यार्थी घामाघूम झाला, माझा जीव वरखाली झाला, मला त्यातलं अक्षर येत नव्हतं तरी पुढचं सांगून मोकळं व्हावंसं वाटत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याचे ओठ हलले, आणि तो पुढे धडाधड म्हणत गेला, शेवटपर्यंत.

"सांगायचं ना त्याला पुढचं!" मी न राहवून म्हटलं.

"त्याला येतं," शास्त्रीबुवा म्हणाले. "मी सांगितलं असतं तर मला येतं एवढंच कळलं असतं." विद्यार्थ्याला त्यांनी जायला सांगितलं आणि माझ्यासाठी ओट्यावर जागा केली. मी बसले नाही. ते म्हणाले, "सुनीतीताई, बकुळला आम्ही अडवलेलं नाही. ती रोज सकाळी खेळायला जाते. पलीकडे, वाळूवर. मी घाटावर संध्येला उतरतो तेव्हा काशीनाथच्या नावेत तिला मीच बसवून देतो."

"खेळायला? मग माझ्याकडे का येत नाही?"

"ते तिने तुम्हाला सांगितलं नाही?"

"एका शब्दाने नाही!"

"ती तर म्हणाली," शास्त्रीबुवा सावकाश म्हणाले, "की तीनदा सांगायला गेले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काशीनाथच्या नावेत बसले. मला लाज वाटत होती असं मुळीच नाही. माझा संताप होत होता. माझी मुलगी, मी घडवलेली, माझ्या पाठीमागे गंगेपार जाऊन खेळते! काशीनाथने वल्हं मारता मारता विचारलं, "दीदी, आज आप भी खेलेंगी?"

पलीकडे कलिंगडांच्या वेलांच्या पुढे सपाट वाळू होती. दोन बांबू रोवलेले, तेच खांब. दहा-बारा मुली, बऱ्याचशा मल्लाहांच्या, नावाड्यांच्या, आणि त्यांच्यात माझ्या संघातल्या तीन. माझ्या शब्दाबाहेर न जाणारी गीतासुद्धा! आणि बकुळ धावत होती. एका मुलीला खो देते असं दाखवून ती न देताच पुढे सटकली, दोन जणींनंतर दिला. माझ्या मैदानावर असल्या हुलकावणीला बंदी होती. सरळ धाव, सरळ खो. पहिल्यांदा तिचा बेत फसला, ती तोंडावर पडली आणि वाळू थुंकत हसत सुटली. तिला हसताना मी किती दिवसांनी पाहत होते? दुसऱ्यांदा बेत साधला. समोरची पोरगी फसली, आऊट. इतकं सुरेख होतं ते, की माझ्या तोंडून नावेतूनच आरोळी निघाली, "शाबाश बकुळ! अब बाएँ से!"

खेळ थांबला. सगळ्या उठून उभ्या राहिल्या. माझ्या संघातल्या तिघींनी तर हात मागे बांधून रांग धरली, मल्लाहांच्या पोरी त्यांच्याकडे बघत राहिल्या. एकही हसत नव्हती.

मी वाळू तुडवत बकुळपाशी गेले. ती म्हणाली, "मावशी, हे मैदान नाहीये. मराठीत बोलू?"

"बोल."

"मी धावते ना, तेव्हा..."

"तेव्हा तुझा डावा खांदा अजून वर येतो."

ती गप्प बसली. मी म्हटलं, "बोल, बोल."

"मी धावते तेव्हा मला..."

"आणि ही हुलकावणी कुणी शिकवली?"

ती रागावली नाही, रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली, तिचे वडील त्या विद्यार्थ्याकडे बघत होते तशीच. मी पदराचं टोक तोंडात धरलं. खरंच धरलं. दुसरा काही उपाय मला माझ्या जिभेवर माहीत नव्हता.

"मी धावते तेव्हा मला दुसरं काही ऐकूच येत नाही," बकुळ म्हणाली. "फक्त तुमचा आवाज. बाएँ, दाएँ, उठ, दे खो. गीता मागून काही ओरडते, ते पण नाही. कुणाला आऊट केलं तर वाटतं की मावशींनी केलं. चुकलं की मात्र मी चुकले." ती थांबली. मी पदर सोडला नाही. "मैदान जवळ आलं की माझ्या पोटात मुरडा येतो. दोन महिने येतोय. इथे नाही येत. मला खो-खो नाही सोडायचा, मावशी. मला तुम्हाला सोडायचंय."

आग झाली अंगाची. कृतघ्न कार्टी! तू सहावीत होतीस तेव्हा तुला खांब कुणी दाखवला? तुझा घोटा सुजला तेव्हा रोज हळदीचा लेप घेऊन कोण येत होतं? तुझ्यासाठी काल भर हळदीकुंकवात भांडले ती कोण? एकेक वाक्य जिभेवर तयार होतं. पण त्यांतलं एकही तिने जे सांगितलं त्याचं उत्तर नव्हतं, आणि ते मला कळत होतं, त्याचाच तर जास्त संताप येत होता. मी काही मोजत वगैरे नव्हते. मी नुसती उभी होते.

मग ती म्हणाली, "मला लखनौला जायचंय."

मी तोंडातला पदर सोडला.

"तिथे तुम्ही येणार आहात?"

"नाही. तिथे शिबिराच्या बाई असतात."

"मग माझं नाव लिहा ना." आणि जरा वेळाने, "आई काल जेवली नाही. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. ती म्हणाली, कुणी काही म्हटलं असतं तरी चाललं असतं, सुनीती नको होती." एवढं सांगून ती खेळायला परत गेली.

यादीचा कागद रविवारभर माझ्या टेबलावर पडून होता. खरं सांगते, तिचं नाव लिहायचं नाही, असंही मनात आलं. कुणी विचारणार नव्हतं. सरावाला येत नाही, हे कारण कुठल्याही कचेरीत चाललं असतं. जिला मी नको, तिला माझी शिफारस तरी का हवी? सकाळी हा विचार केला, दुपारी पुन्हा केला. संध्याकाळी तिचं नाव पहिल्या जागी लिहिलं, दुसऱ्या जागी गीताचं, आणि सोमवारी स्वतः चालत जाऊन कागद देऊन आले.

त्यानंतर मैदानावर मी गप्प बसायला लागले. ते दिसायला सोपं आहे. पहिले तीन दिवस पोरींना वाटलं मी चिडलेय, त्या आणखीच घाबरून खेळल्या. गीताने विचारलं, "दीदी, हमसे गलती हुई?" मी म्हटलं, "नहीं. तुम लोग कुछ बोलो." कोण बोलणार? बावीस वर्षं मी कुणाला जागा दिली नव्हती, ती चार दिवसांत कुठून भरणार? लखनौला जाण्याच्या आदल्या दिवशी गीता घुटमळत आली आणि म्हणाली, तिला रांगेच्या टोकाला, आठव्या चौकात बसणं कधीच जमलं नाही, पाचव्यात जमतं. दोन वर्षं मी तिला आठव्यात बसवत होते. मी तिथेही "क्यों नहीं जमता" म्हणून अर्धं वाक्य फेकलंच, आणि उरलेलं गिळलं.

अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या शुक्रवारी अमृतराव घाटाजवळच्या नंदाकडे हळदीकुंकू होतं. त्याच वीस-बावीस बायका. शरदिनीही होती. या तीन आठवड्यांत मी तिच्या दारापर्यंत तीनदा गेले होते आणि तीनदा परत आले होते, कारण दाराआड मागितलेली माफी तिच्या काय कामाची? सगळ्यांसमोर बोलले ते सगळ्यांसमोरच परत घ्यायला हवं होतं. मी उभी राहिले तशी तिने पदर घट्ट आवळला. कुणीतरी पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. मी मोठं भाषण तयार करून आणलं होतं, त्यातलं काहीच बोलले नाही.

"शरदिनीने बकुळला कधीच अडवलं नाही," मी म्हटलं. "बकुळ माझ्यामुळे सोडून गेली. तिने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

आणि बसले. बायका इकडे तिकडे बघत होत्या. मला वाटलं शरदिनी उठून जाईल, आणि ती उठलीच, पण माझ्या शेजारी येऊन बसली. पिशवीतून तिने एक आंतर्देशीय पत्र काढलं. "सकाळीच आलंय," म्हणाली, आणि वाचायला लागली.

बकुळने लिहिलं होतं, पाणी ठीक आहे. गीता आणि मी एकाच खोलीत आहोत. इथल्या बाई कमी बोलतात, खेळून झाल्यावर विचारतात की तू असं का केलंस, आणि सांगितलं तर लिहून घेतात. काल मी माझी हुलकावणी दाखवली. दोनदा चुकली. बाई म्हणाल्या, उद्या पुन्हा दाखव. आज साधली. पोटात दुखत नाही. बाबांना नमस्कार सांग, गौर उठवशील तेव्हा तिला माझाही नमस्कार सांग.

खाली सही. बस, इतकंच. मी शेवटपर्यंत वाट पाहत होते. माझं नाव त्या पत्रात कुठेही नव्हतं, तक्रारीतसुद्धा नाही. शरदिनीने पत्राची घडी केली आणि ती पिशवीत ठेवायला लागली, तेव्हा मी तिचा हात धरला.

"पुन्हा एकदा वाच," मी म्हटलं.